गिरणीच्या माडीवरचं तक्रार कार्यालय

माझ्या मामांना सगळे ‘भोंगा’ म्हणायचे, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सायकलच्या दांड्याला बॅटरी, कॅरिअरवर कर्णा आणि हातात माइक अशा थाटात ते गल्लोगल्ली फिरून जाहिराती पुकारायचे. कुणाची शेळी हरवली, कुठल्या दुकानात सेल लागला, उद्या नळाला पाणी नाही, दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली, सगळं मामांच्या तोंडून कळायचं. खरं तर त्यांना कर्ण्याची गरजच नव्हती. घरात ते ‘अगं, टॉवेल कुठंय?’ असं विचारायचे, तेव्हा समोरच्या घरातली बाई आपला टॉवेल घेऊन दारात उभी राहायची.

मामी बरोबर उलट. चणीने लहान, आणि आवाज असा की समोरच्याने कान पुढे करावा. पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. गल्लीतल्या बहुतेक बायकांसारखी तीही चटया विणायची. वस्तीच्या उताराखाली मोठी दलदल आहे, कुठे गुडघाभर पाणी, कुठे कमरेएवढं, आणि त्यात माणसाहून उंच लव्हाळं. पाणी उतरायला लागलं की बायका विळे घेऊन आत शिरायच्या, लव्हाळं कापून मोळ्या वर आणायच्या, उन्हात वाळवायच्या आणि मग वर्षभर मागावर बसायच्या. दलदलीत प्रत्येकीचा आपापला पट्टा. कागद मात्र कुणाकडेच नव्हता. मामीचा पट्टा तिला सासूकडून आला होता, सासूला तिच्या सासूकडून. हद्द म्हणजे एका बाजूला बुडालेली होडी आणि दुसऱ्या बाजूला शेजारीण. भांडणं व्हायची, ती बायकाच आपसात मिटवायच्या आणि न मिटलेली पुढच्या हंगामासाठी राखून ठेवायच्या.

माझं लग्न त्याच गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याशी झालं. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यावर घडलं. म्हणजे गिरणीच्या माडीवर.

मोबाइल आले आणि मामांचा धंदा बसला. लोक हरवलेल्या शेळीचा फोटो फोनवर टाकायला लागले. मामा चिडून विचारायचे, “फोटो बघून शेळी घरी येते का? हाक कोण मारणार?” पण विचारून काय उपयोग? सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. मामी विणायची आणि मामा तिच्या शेजारी बसून मोठमोठ्याने बातम्या वाचून दाखवायचे. तिला वाचता येत होतं, पण ती बिचारी ऐकून घ्यायची.

अशात दलदलीवर प्रकल्प आला. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली आणि माइकवर बोलायला मामांनाच बोलावलं, म्हणून ते दाढी करून गेले. कळलं ते असं की, दूरच्या देशातल्या एका बँकेने आमची दलदल वाचवायला पैसा दिलाय. दलदलीत एक लांब पायांचा राखाडी पक्षी राहतो. आम्ही त्याला ‘म्हातारा’ म्हणतो, कारण तो पोक काढून पाण्यात उभा असतो आणि कुणाशी बोलत नाही. हा म्हातारा जगात फार थोडा उरलाय म्हणे. आम्हाला तो रोज दिसायचा. इतका मोठा पाहुणा आपल्याकडे उतरलाय हे ऐकून बायकांना त्याच्याबद्दल जरा आदरच वाटला.

प्रकल्पाचे संचालक सभ्य गृहस्थ होते. खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. पण ते बोलायला लागले की अधिवास, जैवविविधता, लोकसहभाग, शाश्वत असले शब्द एकामागून एक सुटायचे. आमच्या समोरच्या घरातल्या आजींनी माझ्या कानात विचारलं, “हा शाश्वत कोण गं?”

“असेल त्यांच्या ऑफिसातला,” मी म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

भाषण संपता संपेना. लोक चुळबुळायला लागले, तेवढ्यात मागून चहाचं पातेलं आलं. संचालकांनी मामांना खूण केली. मामांनी माइक तोंडाशी धरला आणि पत्रे हादरतील अशा आवाजात विचारलं, “चहा कुणाकुणाला हवाय? हात वर करा!”

सगळ्यांचे हात वर गेले. आजींनी तर दोन्ही हात वर केले, कारण त्यांना घरी बसलेल्या सुनेसाठीही एक हवा होता. स्वतः संचालकांनी हात वर केला. कोपऱ्यातून एक फोटोवाला पुढे आला आणि मामांना म्हणाला, जरा थांबवा यांना. मामा गरजले, “हात खाली घेऊ नका, मोजणी चाललीये!” फोटो निघाला. चहा चांगला होता. सगळे घरी गेले.

पाणी उतरल्यावर बायका विळे घेऊन खाली गेल्या, तर दलदलीभोवती तारेचं कुंपण. फाटकाला कुलूप, फाटकावर पाटी, पाटीवर आपल्या म्हाताऱ्याचं चित्र आणि खाली ‘प्रवेश बंद’. आत एक रखवालदार स्टुलावर बसला होता. परगावचा भला माणूस. तो हात जोडून म्हणाला, “ताई, मला वरून ऑर्डर आहे. माझ्यावर रागावू नका.”

“वर म्हणजे कुठे?” मामीने विचारलं.

त्याने आकाशाकडे बोट दाखवलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता गंमत बघा. त्या परदेशी बँकेचा नियम असा की, प्रकल्पामुळे कुणाला त्रास झाला तर त्याला तक्रार करता आली पाहिजे, तीही त्याच्या भाषेत, त्याच्या घराजवळ. त्यासाठी कार्यालय हवं, आणि कार्यालयात स्थानिक माणूस हवा, ज्याला सगळे ओळखतात असा. संचालकांनी चौकशी केली, इथे सगळे कुणाला ओळखतात? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

अशा रीतीने भोंगा मामा तक्रार निवारण अधिकारी झाले. कार्यालयासाठी आमच्या गिरणीची माडी भाड्याने घेतली. एक टेबल, एक कुलपाची तक्रारपेटी, भिंतीवर हसऱ्या माणसांचं मोठं पोस्टर आणि मामांसाठी चाकांची खुर्ची. मामांना शहरात नेऊन प्रशिक्षण दिलं. तिथून ते गळ्यात ओळखपत्र घालून आले आणि ते ओळखपत्र अंघोळीलाच काय ते उतरवायचे.

खुर्चीची एक अडचण होती. खाली गिरणी सुरू झाली की माडी थरथरायची, आणि मामा खुर्चीसकट हळूहळू दाराकडे सरकायचे. एखादं मोठं दळण असलं की ते टेबलापासून निघून जिन्याच्या तोंडाशी पोचायचे. मग त्यांची हाक यायची, “अगं, गिरणी जरा थांबव, मी आलोय!” मी गिरणी थांबवायची, ते खुर्ची ओढत परत जागेवर जायचे.

पहिल्याच दिवशी मामीने जेवताना विषय काढला. मी त्यांच्याकडेच होते.

“कुंपणाचं काय करणार आहात?”

“अगं, मी जेवतोय.”

“मी कुठे उठा म्हणतेय? कुंपणाचं काय?”

मामांनी ओळखपत्र सरळ केलं. “हे बघ, घरी तक्रार स्वीकारली जात नाही. नियम आहे. दहा ते पाच, गिरणीवर.”

मामी शांतपणे म्हणाली, “ज्या माणसाला रोज ताट वाढते त्याला भेटायला मी जिना चढून जाऊ होय?” आणि तिने त्यांच्या पुढ्यातलं ताट उचलून आत नेलं. मामांचं अर्धं जेवण व्हायचं होतं. पण ते काही बोलले नाहीत. घरी तक्रार चालत नाही हे त्यांनीच सांगितलं होतं ना.

मामी गेली नाही, म्हणून बाकीच्याही गेल्या नाहीत. तिच्या नवऱ्याची नोकरी धोक्यात येईल असं काहींना वाटे. आणि खरी भीती वेगळीच होती. भोंग्याच्या कानात सांगायचं म्हणजे साऱ्या वस्तीला सांगायचं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मामा बिचारे रोज पेटी उघडायचे, आत हात फिरवायचे, पेटी बंद करायचे. एकदा आत चॉकलेटचा कागद सापडला, तोही त्यांनी उलटसुलट करून वाचला.

महिन्यामागून महिने मामांच्या अहवालात तक्रारी शून्य. संचालक खूश. त्यांनी मामांना शाल आणि प्रशस्तिपत्र दिलं. मामांनी ते फ्रेम करून माग असलेल्या खोलीत लावलं, आणि मामीने त्यावर वाळवायची चटई टाकली.

आमच्या बायका या काळात काय करत होत्या? लांबच्या तळ्यावरून विकतचं लव्हाळं आणत होत्या. ते जाड, ठिसूळ, मागावर कडाकडा मोडायचं. काहीजणी शहरात धुण्याभांड्याला जायला लागल्या. आमच्या गल्लीत पूर्वी दिवसभर मागांची खटखट असायची. आता माझ्या एकटीच्या गिरणीचा आवाज उरला. मामाही कधी कधी जिन्यात बसून त्या शांततेला कान लावायचे आणि मला म्हणायचे, “फार शांत झालंय नाही?” मी पुढचं दळण ओतायला घ्यायची. आपल्या मामांना काय बोलणार?

आणि मग परदेशातून संचालकांना फोन आला. बँकेतली कुणी बाई विचारत होती, तुमच्याकडे एकही तक्रार कशी नाही? इतक्या लोकांमध्ये एकही नाही? म्हणजे तुमचं तक्रार कार्यालय बंद आहे की काय?

संचालक घामाघूम होऊन माडीवर आले. “आपल्याला काही तक्रारी लागतील हो.”

मामा म्हणाले, “किती देऊ?”

“फार नकोत. थोड्याच. आणि लहान लहान. म्हणजे पाटीचा रंग उडालाय, रखवालदाराची शिट्टी कर्कश आहे, अशा. ज्या आपल्याला लगेच सोडवता येतील.”

मामांच्या अंगात वारं शिरलं. इतक्या दिवसांनी काम मिळालं होतं. त्यांनी भिंतीची सायकल काढली, बॅटरी भरली आणि कर्णा बांधून गल्लीत निघाले. “तक्रारी द्या हो, तक्रारी! लहान-मोठी, जुनी-नवी, कुठलीही तक्रार! दहा ते पाच, गिरणीच्या माडीवर!”

दुसऱ्या दिवशी माझ्या गिरणीत दळणाला जागा उरली नाही, एवढी रांग जिन्यावर. लोकांना वाटलं, सरकारने सगळ्याच तक्रारींसाठी माणूस नेमलाय. न्हाव्याचा आरसा माणसाला जाड दाखवतो. शेजारणीचा कोंबडा मुद्दाम आमच्याच खिडकीत ओरडतो. आजींनी सुनेची तक्रार केली, सुनेने त्याच रांगेत मागे उभं राहून आजींची केली. एक गृहस्थ म्हणाले, “माझी बायको माझं ऐकत नाही.” मामांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “त्यावर आमच्याकडे उपाय नाही. पुढे या.”

संचालकांनी तो गठ्ठा वाचून कपाळावर हात मारला. “अहो, यातली एक तरी प्रकल्पाविरुद्ध आहे का?”

तशी तक्रार दुपारी आली; भर गल्लीत कर्ण्यावरून बोलावणं आल्यावर मामीचा जिन्यावरचा रुसवा सुटला होता. जिन्यावर पावलं वाजली, मी वर बघितलं तर मामी पुढे आणि मागे गल्लीतल्या सगळ्या विणकरणी. सगळ्यांनी बाहेर जायचे चांगले कपडे घातले होते. मी गिरणी बंद केली आणि हात पुसत त्यांच्या मागून वर गेले. ऐकल्याशिवाय राहवलं असतं थोडंच?

मामा खुर्चीत ताठ झाले. मामी समोर बसली.

“नमस्कार, साहेब,” ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मामीने त्यांना कधी साहेब म्हटलं नव्हतं. मामांचे कान लाल झाले. “नाव?”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“नियमाप्रमाणे विचारावं लागतं गं... लागतं, बाई.”

बायका खुदकन हसल्या. मामीने नाव सांगितलं. मामांनी पुढचा प्रश्न वाचला, “तक्रारदाराचं कार्यालयातल्या कुणाशी नातं आहे का?”

“आहे. पण ती वेगळी तक्रार आहे, ती घरी करीन. आज दलदलीची लिहा.”

आणि मग ती सांगत गेली. तिच्या त्या बारीक आवाजात, न थांबता. आमच्या सासवा त्या पाण्यात उभं राहून म्हाताऱ्या झाल्या. कुंपण घालताना कुणी आम्हाला विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. पक्ष्याशी आमचं भांडण नाही, तो तिथे आमच्याआधीपासून आहे, राहू दे. पण त्याला राहायचा हक्क आहे आणि आम्हाला शिरायचाही नाही, हे कुणी ठरवलं? ते कुंपण काढा, आमचे पट्टे आमच्या नावावर करा, आणि पुढे काही करायचं असेल तर आधी आम्हाला विचारा, आमच्या बोलण्यातल्या शब्दांत.

मामांनी सगळं लिहून घेतलं. लिहिताना एकदा त्यांनी नाक ओढलं, पण ती पिठाची धूळही असेल.

संचालकांचं उत्तर आलं ते मामांनाच वाचून दाखवावं लागलं. पुन्हा सगळ्या बायका माडीवर जमल्या. उत्तर असं होतं: कुंपणाला स्थानिक समाजाने भर सभेत हात वर करून एकमताने संमती दिली आहे. सोबत फोटो. फोटोत शाळेची शेड, वर गेलेले हातच हात, मध्ये आजी, दोन्ही हात वर.

फोटो हातोहात फिरला. मग आजी म्हणाल्या, “अगं, हा तर चहाचा फोटो.”

मामा खुर्चीत बसले होते ते बसलेच. त्यांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा इतका खाली गेलेला ऐकला. “मीच विचारलं होतं,” ते म्हणाले.

मामीने त्यांच्याकडे पाहिलं. ती काहीतरी टोचून बोलेल असं मला वाटलं. पण तिने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. “तिथे खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय?”

मामा उठले, पोस्टरजवळ गेले. प्रशिक्षणात शिकवलेलं त्यांना तोंडपाठ होतं, तरी त्यांनी वाचूनच दाखवलं. “उत्तराने समाधान न झाल्यास थेट बँकेकडे दाद मागता येईल.” मग बायकांकडे वळून ते म्हणाले, “हे तुम्हाला सांगणं माझं कामच आहे.”

माझ्या मिस्टरांनी तक्रार मोबाइलवरून बँकेला पाठवली. पिठाच्या हातांनी ते अक्षर अक्षर शोधत टाइप करत होते आणि बायका चारी बाजूंनी सुचवत होत्या.

बँकेची माणसं यायला बरेच महिने गेले. आली ती दोघं, एक उंच बाई आणि एक दाढीवाले गृहस्थ. तेवढ्या काळात मामांची अवस्था बघवत नव्हती. पाहुणे येणार हे कळल्यावर संचालकांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तुम्ही तटस्थ आहात. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.” मामा माझ्या गिरणीत येऊन पोत्यावर बसायचे.

“ती खुर्ची जाईल गं,” एकदा म्हणाले.

“जाईल, मामा.”

“आणि गप्प बसलो तर?”

“तर खुर्ची राहील.”

“तुझी मामी मला काहीच बोलत नाही. वाढते, बसते, उठते. मी म्हटलं, अगं, काहीतरी बोल. तर म्हणते, घरी तक्रार चालत नाही.” त्यांनी उसासा टाकला. वाण्याच्या बाईने तेवढ्यात दळण आणलं म्हणून विषय थांबला.

सभा त्याच पत्र्याच्या शेडमध्ये झाली. पाहुण्यांबरोबर शहरातून एक दुभाषी आला होता. तरुण, इस्त्रीचा, फार शिकलेला. उंच बाईंनी काही विचारलं आणि तो मामीला म्हणाला, “सदर प्रकल्पामुळे आपल्या उपजीविकेवर काही विपरीत परिणाम संभवला आहे काय?”

मामीने मामांकडे पाहिलं. “काय म्हणतो हा?”

मामांना बोलायची बंदी होती, पण हे तर आपल्याच भाषेतून आपल्याच भाषेत सांगायचं होतं. ते म्हणाले, “विचारतोय, पोटावर पाय आला का?”

“आला की!” साऱ्या बायका एकदम ओरडल्या. दुभाष्याला ते सांगायला बराच वेळ लागला. दाढीवाले गृहस्थ भराभर लिहून घेत होते.

मग संचालक उठले. त्यांनी पडद्यावर तो फोटो लावला. “हा पुरावा. बघा किती उत्साह. या वृद्ध महिलेने तर दोन्ही हात वर केलेत.”

आजी जागेवरूनच म्हणाल्या, “एक सुनेचा होता.”

संचालक हसले, म्हणाले, नंतर विचार बदलला तर तसं सांगावं, पण त्या दिवशी प्रश्न स्पष्ट होता. आणि तेव्हा मामी उठली. तिला कुणी माइक दिला नव्हता, तरी सगळी शेड गप्प झाली. तिने मामांना नेहमीसारखं विचारलं, “अहो, त्या दिवशी तुम्ही काय विचारलं होतं?”

मामा उभे राहिले. ते एकदा संचालकांकडे बघत होते, एकदा मामीकडे. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची नाडी नीट गुंडाळून खिशात ठेवलं, संचालकांच्या पुढ्यातला माइक उचलला आणि पत्रे हादरतील अशा आवाजात म्हणाले, “चहा कुणाकुणाला हवाय? हात वर करा!”

काय सांगू! सभा लांबली होती, सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. सगळे हात वर. आजींचे दोन्ही. माझा वर, माझ्या मिस्टरांचा वर, मागे उभ्या रखवालदाराचा वर. आणि पुढच्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी, संचालकांचा. आपला हात वर गेलाय हे त्यांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

उंच बाई पडद्यावरच्या फोटोकडे बघत होत्या, मग समोर, मग पुन्हा फोटोकडे. दुभाषी भाषांतर करायला वळला तर त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना समजलं होतं, चहा एवढा शब्द त्यांनाही ठाऊक होता. दाढीवाल्यांनी उठून एक फोटो काढला. मग मात्र उंच बाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना रुमाल शोधावा लागला. मामा हसले नाहीत. ते माइक धरून तसेच उभे होते. मामीने जाऊन त्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि त्यांना स्वतःच्या शेजारी बसवलं.

निकाल लगेच लागला नाही. बँकेचं काम बँकेसारखंच. वर्ष उलटून गेल्यावर कळलं की, लोकांची खरी संमती घेतलीच नव्हती असं तिथे ठरलं. कुंपण मागे सरकवलं. म्हातारा जिथे अंडी घालतो तो मधला भाग तेवढा बंद राहिला, त्याबद्दल बायकांचंही काही म्हणणं नव्हतं. बाकीचं लव्हाळं हंगामात कापायला मोकळं झालं आणि देखरेखीला बायकांचीच समिती बसली. तिची पहिली बैठक भांडणातच गेली, कारण जुन्या हंगामातली राखून ठेवलेली सगळी भांडणं त्या दिवशी निघाली. संचालकांची बदली झाली. ऐकलं ते असं की, आता ते दुसऱ्या प्रकल्पांतल्या लोकांना लोकसहभाग कसा घ्यावा हे शिकवतात. तेवढा अनुभव आहे त्यांना.

बँकेच्या अहवालात मामांचं कौतुक होतं, निःपक्ष अधिकारी म्हणून. पण तो अहवाल येईपर्यंत त्यांचा करार संपला होता आणि तो पुन्हा झाला नाही. माणसं येऊन टेबल, पेटी आणि ती खुर्ची घेऊन गेली. मामा जिन्याखाली उभे राहून बघत होते. मी म्हटलं, “मामा, चहा टाकू?” तर म्हणाले, “नको, आज नको.”

पाणी उतरल्यावर मामीने त्यांना दलदलीत नेलं. जन्मभर काठावरून गप्पा मारलेला माणूस पहिल्यांदा आत उतरला. विळा धरता येईना, चिखलात पाय रुतायचा, कापलेलं लव्हाळं हातातून सटकायचं. मामी वैतागून म्हणाली, “तुम्ही नुसत्या मोळ्या उचला.” त्यांनी एक मोळी खांद्यावर घेतली आणि तिच्यासकट पाण्यात बसले. पलीकडे म्हातारा उभा होता, त्याने मान वाकडी करून एकदा बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

पट्टे मात्र अजून कुणाच्या नावावर झालेले नाहीत. तो प्रश्न बँकेचा नाही, सरकारचा आहे असं बँक म्हणाली, आणि सरकार म्हणालं विचार चालू आहे. मामी त्यासाठी दर काही दिवसांनी जिल्ह्याच्या जमीन कार्यालयात जाते. मामा तिची पिशवी धरून बरोबर असतात. मागच्या खेपेला तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, “हे कोण?”

“माझे मिस्टर,” मामी म्हणाली. “तुमच्यासारखेच होते. तक्रारी घ्यायचे.”

कारकून जरा सरळ बसला. त्याने पुढची तारीख दिली, पण आधी त्या दोघांना बसायला बाक दाखवला. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती, दोघं दांड्याला धरून उभी होती. मामी म्हणाली, “पुढच्या वेळी सगळ्याजणींना आणू.” मामा म्हणाले, “आणू की,” आणि अख्ख्या बसने मागे वळून बघितलं.